बघू म्हणजे नाही

पेंटर,

तुम्हाला निरोप देऊन आम्ही सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसलो होतो. वर इतकी गाणी झाली होती, तुमच्या आठवणी सांगताना लोक इतके हसले होते, की मी अवघडूनच गेलो होतो. आमच्याकडे मयताच्या दिवशी असं हसत नाहीत. तुमच्या लोरेटाने ते ओळखलं असावं. माझ्या ताटात मॅकरोनीचा ढीग घालत ती म्हणाली, "खा. डॅडी गेलेत, भूक कुठे गेलीय?" मी खायला लागलो. तेवढ्यात शाळेच्या समितीच्या मिसेस पेटन खुर्ची ओढून शेजारी बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यामुळे त्यांची इच्छा आम्हाला कळली. भिंतीवरचा तो पांढरा थर आता काढूनच टाकू. पुढच्या बैठकीत ठराव करतोय."

घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. कारण तुमची तशी इच्छा नव्हतीच. उलट होती. तुम्ही होतात तोवर हे दोघांना माहीत होतं, आता एकट्या मला माहीत होतं.

म्हणून तुमच्याशी बोलायला बसलोय. मराठीत लिहितोय, कारण आपल्या दोघांमधला घोळ मराठीतलाच आहे. आमच्या भाषेतला एकच शब्द तुम्हाला अगदी नीट येत होता, आणि मी नेमका त्याचाच गैरवापर केला.

आईला सहा महिन्यांसाठी इथे, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयला आणलं तेव्हाची गोष्ट. तिला गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही, आणि घराबाहेर पडलं तर रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "श्रीकांत, मला या शोकेसमधून बाहेर काढ बाबा." कम्युनिटी सेंटरमध्ये दर शनिवारी ज्येष्ठांसाठी चित्रांचा वर्ग असतो असं कळलं, म्हणून तिला घेऊन गेलो. तिथे तुम्ही होतात. उंच, काळेभोर, नव्वदीला टेकलेले. टाय बांधलेला आणि टायवर रंगाचे डाग.

"आई, हे मिस्टर वेदर्बी. पेंटर आहेत," मी ओळख करून दिली. आडनाव तिच्या कानावरून गेलं. अमरावतीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक गृहस्थ राहायचे. मास्तरांना जसं मास्तर, तसं त्यांना सगळं गाव नुसतं पेंटर म्हणायचं. आई लगेच सुरू झाली. "अहो पेंटर, हा ब्रश केस गाळतोय. दुसरा द्या बरं."

"काय म्हणतात त्या?" तुम्ही मला विचारलंत.

"तुम्हाला हाक मारतेय. पेंटर म्हणून."

"नुसतं पेंटर?"

मला वाटलं, तुमचा अपमान झाला. आमच्याकडे हा तसा मानाचाच शब्द आहे वगैरे सारवासारव मी करायला लागलो. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. "पेपरवाल्यांनी मला आधी कलर्ड पेंटर म्हटलं. मग निग्रो पेंटर. मग ब्लॅक. हल्ली आफ्रिकन-अमेरिकन म्हणतात. पाटी बदलत गेली, पण पाटी होतीच. पुढे काहीच न लावणारी तुझी आई पहिली." आणि तिच्याकडे वळून तुम्ही झुकून नमस्कार केलात. आई मला म्हणाली, "नमस्कार नंतर. ब्रशचं सांगितलंस का त्यांना?"

माझ्या नावातलं 'श्री' तुमच्या जिभेला जमेना. उरलेल्या 'कांत'चं तुम्ही 'कॅन्ट' करून टाकलंत. दर शनिवारी दारातच विचारायचात, "काय मिस्टर कॅन्ट, आज काय काय जमणार नाहीये?"

तुम्हाला आईचं चित्र काढायचं होतं. तिच्या नाकाला म्हणे डोंगराच्या सुळक्यासारखी शिस्त होती. मी तिला विचारलं. तिने लोकरीच्या गुंड्याकडे बघत उत्तर दिलं, "बघू."

"बघू म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे, वुई विल सी."

माझी ईशा तेव्हा नऊ वर्षांची होती. खुर्चीत उलटी बसून ती रंगपेटी चिवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नो मिस्टर वेदर्बी. इट मीन्स नो. ऑलवेज."

तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. "माझी आईपण असंच 'बघू या' म्हणायची, आणि आयुष्यात आम्ही काहीएक बघितलं नाही!" मग तुम्ही तो शब्द कायमचा उचललात. फोनवर विमा विकणाऱ्याला बघू. गुडघ्याचं ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरला बघू. "डॅडी, आता माझ्याकडे राहायला या," असं म्हणणाऱ्या लोरेटाला तर दर रविवारी बघू. आई परत गेली तरी तुमचा बघू आमच्याकडे येत राहिला. चित्र काढून घ्यायला ती शेवटपर्यंत बसली नाही, हे सांगायला नकोच.

मी तुमच्याकडे येत राहिलो तो मात्र काळ्या रंगामुळे. मी गाड्यांच्या रंगाचा माणूस. एकदा तुम्ही विचारलंत, "तुमच्या प्लांटमध्ये सगळ्यांत जास्त छळतो तो रंग कोणता?" मी म्हटलं, "काळा. लोकांना वाटतं काळा म्हणजे काळा. पण एकात निळा दडलेला असतो, दुसऱ्यात तपकिरी. दार एका बॅचचं आणि बॉनेट दुसऱ्या बॅचचं असलं की उन्हात लगेच चुगली करतात."

तुम्ही टेबलावर थाप मारलीत. कप हलला. "हेच! हेच त्या बाईंना सांगत होतो मी!"

त्या बाई म्हणजे चित्रशाळेतल्या शिक्षिका. त्या शाळेत तुम्ही दिवसा फरशी पुसायचात आणि संध्याकाळी वर्गात मागच्या बाकावर बसायचात. ज्या ट्यूबवर 'त्वचा' असं छापलेलं असे ती गुलाबी निघायची. बाई म्हणाल्या, "तुमच्या लोकांसाठी त्यात काळा मिसळ." तुम्ही मिसळून पाहिला तर माणूस मेल्यासारखा दिसायला लागला. मग तुम्ही काळी ट्यूब फेकून दिलीत. तांबड्या मातीचा रंग, थोडा हिरवा, सावलीला निळा, असं करत करत तुमच्या आईची कातडी तुम्ही जमवलीत. निळा महाग होता, म्हणून तुमच्या सुरुवातीच्या चित्रांत सावल्या कमी आहेत. "टीकाकार त्याला माझी शैली म्हणतात," तुम्ही डोळा मारून सांगितलं होतंत.

१९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांबद्दल तुम्ही कधी रडत सांगितलं नाहीत. सरकारने बेकार चित्रकारांना शाळांच्या आणि पोस्टांच्या भिंती रंगवायला पगारावर घ्यायचं ठरवलं, पण आधी आपण कंगाल आहोत हे सिद्ध करावं लागे. तपासनीस घरी येऊन कपाटं उघडून बघायचा. नेमकं त्याच सकाळी कुणी पाहुण्याने तुम्हाला अर्धा हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, आणून दिलेला! तुमच्या बायकोने तो फडक्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला, वर तान्ह्या लोरेटाला निजवलं आणि तपासनिसाला दारातच सांगितलं, "मुलीला गोवर आलाय, लांबूनच बघा." तुम्हाला काम मिळालं. लोरेटा सत्तरीची झाली तरी तुम्ही चारचौघांत तिला विचारायचात, "काय गं, पाठीला अजून हॅमचा वास येतो का?" ती म्हणायची, "डॅडी, इनफ!" आणि स्वतःच हसायची.

हॅमची गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगितलीत. भिंतीची फक्त मला. ती मला सांगायला नको होती असं आता वाटतं. नाही, ते खोटं आहे. सांगितलीत याचाच मला आनंद आहे.

डेट्रॉईटमधल्या त्या शाळेच्या जेवणघरात तुम्ही मला स्वतः घेऊन गेलात. भिंतभर ओतशाळा. उकळतं लोखंड, घामाघूम माणसं, कडेला फाटकापाशी तुमच्या गल्लीतले लोक, आणि मधोमध हात उंचावून उभा असलेला फोरमन. त्याचा चेहरा विचित्र होता. गुलाबी कातडीखालून तपकिरी कातडी वर येत होती. शाळेतली पोरं त्याला भूत म्हणायची. मी जवळ जाऊन बघितलं आणि लगेच म्हणालो, "शिशाचा सफेदा. तेलात फार वर्षं राहिला की पारदर्शक होत जातो. खालचा रंग दिसायला लागतो. आमच्याकडे याला डिफेक्ट म्हणतात."

"खाली अर्ल आहे," तुम्ही म्हणालात.

अर्ल म्हणजे ओतशाळेत तुमच्यासोबत काम करणारा माणूस. तिथे येणारा प्रत्येक नवा गोरा फोरमन त्याच्याकडूनच काम शिकायचा, आणि शिकून झालं की त्यालाच हुकूम सोडायचा. तुम्ही भिंतीवर त्याला फोरमन केलंत. देखरेखीला असलेले साहेब आले आणि म्हणाले, "असा फोरमन या शहरात कुठे आहे, दाखव." तुम्ही म्हणालात, "नाहीये, म्हणूनच काढलाय." ते म्हणाले, "मग पगारही नाहीये." दूधवाल्याने तुमच्या दाराशी बाटली ठेवणं बंद केलं होतं. लोरेटा रात्रंदिवस रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिडीवर चढलात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्लला गोरा करून खाली उतरलात.

"फक्त कान नाही बदलले," तुम्ही मला बोट करून दाखवलंत. खरंच, गुलाबी चेहऱ्याला तपकिरी कान होते. सावलीत असल्यामुळे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. चित्र पाहायला अर्ल आला होता. बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "चला, निदान माझे कान तरी दिलेस त्याला. आता मी काय बोलतो ते ऐकू येईल."

तुम्ही मला भिंत दाखवलीत त्याच सुमारास शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चित्र दुरुस्त करायला समिती केली, आणि रंगातलं कळतं म्हणून तुम्ही मलाच तिच्यात अडकवून दिलंत. मग आपलं भांडण सुरू झालं. ते तुमच्या स्वयंपाकघरात वर्षभर चाललं.

"खालच्या थरावर वॉर्निश मारलं होतं ना? मग वरचा थर अलगद निघेल," मी म्हणायचो. "अर्ल पूर्ण दिसेल."

"आणि मी?"

"तुमचं काय?"

"वरचा थरही माझाच आहे, मिस्टर कॅन्ट."

"तो तुमच्याकडून करवून घेतला."

"ब्रश कुणाच्या हातात होता?" तुम्ही पावाला लोणी लावत शांतपणे विचारायचात. "तो थर काढलास तर पोरांना वाटेल, इथे एक शूर चित्रकार होऊन गेला. नव्हता रे. इथे एका तान्ह्या पोरीचा बाप होता. त्या पांढऱ्या रंगाचं दूध आलं आमच्या घरी. त्याची मला लाज वाटते, आणि नाहीही वाटत. दोन्ही त्या भिंतीवर आहे. राहू दे."

"आणि अर्लवरचा अन्याय?"

"तो येतोय ना हळूहळू वर. तुझ्या मदतीशिवाय येतोय." मग तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "तुला एवढी घाई कसली आहे, सांग बरं."

मी उत्तर दिलं नाही. आता देतो. त्या वर्षी आमच्या प्लांटमध्ये माणसं कमी करत होते. ज्या सहकाऱ्याने मला इथलं काम शिकवलं, त्याचं नाव बैठकीत निघालं. तोही तुमच्यातलाच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्याला सगळ्यांत जास्त मीच ओळखत होतो. मी कॉफीच्या कपाकडे बघत बसलो. शेवटच्या दिवशी त्यानेच येऊन माझ्याशी हात मिळवला. पेंटर, मला तुमच्या भिंतीवर एक शूर माणूस हवा होता, तो तुमच्यासाठी नव्हे. मी नेमका तोच प्रकार करून आलो होतो, आणि तो पुसता येतो असं मला कुठेतरी बघायचं होतं.

शेवटी एकदा मी सरळ विचारलं, "समितीला सांगू का, की थर काढायला तुमची हरकत नाही?" तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. थकला होतात. माझं मन मोडायचं नव्हतं तुम्हाला. माझ्याच आईचा शब्द माझ्यापुढे ठेवलात. "बघू."

त्याचा अर्थ ईशाला नवव्या वर्षी कळत होता. मला कळला नाही असं म्हणायला तोंड नाही. पण मिसेस पेटनना मी सांगितलं, "ते म्हणाले, वुई विल सी." त्यांनी विचारलं, "म्हणजे विरोध नाही?" मी म्हटलं, "नाही, विरोध नाही." त्यांचा चेहरा इतका उजळला, की मी आणखी एक पाऊल पुढे गेलो. "मनातून त्यांना हवंच आहे."

शेवटच्या दिवसांत भेटायला आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "माझी भिंत कशी आहे?" मी म्हटलं, "आहे तशीच." तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत आणि उशी सरळ करायला सांगितलीत. तुम्हाला कळलं होतं का? मला माहीत नाही. कळलं असतं तर तुम्ही शिव्या दिल्या असत्यात, असं मी स्वतःला समजावतो. पण उशी सरळ केल्यावर तुम्ही माझा हात सोडला नव्हता, हेही आठवतं.

समितीची बैठक त्याच जेवणघरात झाली. पोरांच्या बुटक्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे वर करून बसलो होतो. पहिल्या ओळीत लोरेटा, निळी हॅट घालून. मिसेस पेटननी ठराव वाचायला घेतला आणि मी उभा राहिलो. म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते वुई विल सी म्हणाले नव्हते. ते बघू म्हणाले होते." आणि मग त्या माणसांना मी आमच्या घरातला बघू समजावून सांगितला. आई, लोकरीचा गुंडा, चित्र, ईशा, सगळं.

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझी आजी फक्त 'म्हं' करायची. तोच शब्द!" सगळे हसले. मिसेस पेटन हसल्या नाहीत. "म्हणजे आम्ही त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांचं चित्र खरवडणार होतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर."

"हो."

"का नको होतं त्यांना?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. आणि लोरेटाला दुधाची गोष्ट तुम्ही कधीच सांगितली नव्हती, हेही. तिच्यासाठी तुम्ही काय केलंत हे ओझं तिच्यावर नको म्हणून. तिला हॅमच माहीत होता. तुमची एक इच्छा पाळायची तर दुसरी मोडावी लागणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग ना. मी काय लहान आहे?"

मी सांगितलं. साहेब, पगार, बाटली न ठेवणारा दूधवाला, शिडी, सकाळ. बोलताना मी भिंतीकडे बघत होतो, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मग मिसेस पेटननी ठरावाचा कागद दुमडून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "धूळ तेवढी पुसू. बाकी हात लावायचा नाही. कुणाचा विरोध?" कुणाचाच नव्हता. माझाही हात खाली राहिला, पेंटर. अर्लबद्दलचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही, पण तो तुमच्याशी होता.

बाहेर जाताना त्या मला म्हणाल्या, "तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. धूळ पुसायला शनिवारी या." मी हो म्हटलं. पायऱ्यांपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिन्यांनी मला भूक लागलीय.

लोरेटाला घरी सोडायचं होतं म्हणून आत परत गेलो. ती काठी टेकत भिंतीपाशी पोचली होती. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून फोरमनच्या गालाकडे बघत होती, जिथे पांढरा अजून थोडा जाड आहे तिथे. "सगळी गल्ली काढली या माणसाने," ती म्हणाली. "ममाला काढलं. पाववाल्याला काढलं. पाववाल्याचं कुत्रंसुद्धा काढलं, ते बघ कोपऱ्यात. आणि मी जन्मभर विचारत होते, डॅडी, यात मी कुठे आहे?" तिने बोट वर केलं. गालापर्यंत नेलं आणि टेकवलं नाही. "इथे होते होय."

मी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही, मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "फोटो काढ माझा इथे." मी मागे सरकलो, ती फोरमनच्या खाली ताठ उभी राहिली, आणि मी बटण दाबणार तोच ओरडली, "थांब, थांब! लिपस्टिक लावते. चित्रात आहे म्हटल्यावर नीट दिसायला नको?"